पाहुण्याच्या वाट्याचं काम

व्हिएतनामच्या मधल्या किनाऱ्यावर थू बॉन नदी समुद्राला मिळते, तिथून जरा आत होई आन नावाचं जुनं बंदर आहे. मोठी जहाजं इथे यायची केव्हाच थांबली, पाहुणे मात्र येतच राहिले. आजचा पाहुणा इथे उतरला की तीन गोष्टी बहुतेक करतोच. एका रात्रीत शिवून मिळणारे कपडे शिंप्याकडे टाकतो, संध्याकाळी कंदिलांखाली फोटो काढतो आणि एक अख्खा दिवस ‘स्वतः करून बघा’ छापाच्या सहलीला देतो. सकाळी भाजीच्या वाफ्याला पाणी घालायचं, मग बाजार, मग बांबूच्या गोल नावेतून खाडीत चक्कर, मग स्वयंपाक आणि त्याचंच जेवण. दुपारी मातीचं भांडं नाहीतर रेशमी कंदील, आणि दिवस मावळायच्या आत हॉटेलच्या दारात.

या सहलीला एक मालक नाही, एक कचेरी नाही. शेतकरी, नावाडी, स्वयंपाकिणी, कुंभार, कंदीलवाले, मोटारवाले आणि वाटाडे यांच्यात ती वाटली गेली आहे. पण क्रम कसा, वेळ किती, कुठल्या ठिकाणी पाहुण्याने नेमकं काय करायचं, हे सगळं इतकं ठरून गेलंय की तिला संस्था म्हणायला हरकत नाही. आणि तसं बघितलं की एक गोष्ट चटकन नजरेत भरते. पाहुण्याच्या वाट्याला कामाचा मधला भाग येतो. माती आधीच मळलेली असते आणि भांडं भाजायला पाहुणा थांबत नाही. तांदूळ आदल्या रात्रीच भिजत पडलेले असतात आणि जेवणानंतरची भांडी दुसरंच कोणीतरी घासतं. काहींना यात फसवणूक दिसते. मला तसं वाटत नाही. पण तो मधला भाग कुठे सुरू होतो, कुठे तुटतो, यावर लक्ष ठेवलं तर तिकिटाच्या पैशांपेक्षा बरंच जास्त हाती लागतं.

मुळात परक्या माणसाचं वेळापत्रक सांभाळून जगणं या गावाला नवं नाही. हा मुलूख आधी चाम लोकांच्या चंपा राज्याचा होता. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दक्षिणेतल्या न्गुयेन घराण्याने परदेशी व्यापाराला वाट मोकळी करून दिली आणि चिनी, जपानी, पोर्तुगीज, डच अशी सगळी जहाजं इथे लागू लागली. युरोपीय लोक गावाला ‘फाइफो’ म्हणत. रेशीम, दालचिनी, मिरी, अगरू, जवळच्या बेटांवरची पाकोळ्यांची घरटी असा माल इथून जाई. शिडाची जहाजं ईशान्येच्या वाऱ्यावर येत आणि परतीचा नैर्ऋत्य वारा सुरू होईपर्यंत महिनोन् महिने थांबत. तेवढ्या मुदतीत व्यापाऱ्याला घर हवं, जेवण हवं, देऊळ हवं, दुरुस्तीला सुतार हवा. आलेल्याला हवं ते करून द्यायचं आणि वारा फिरला की निरोप द्यायचा, हा गावाचा धंदा होता. चिनी व्यापाऱ्यांनी आपापल्या प्रांतांची सभागृहं बांधली, ती आजही उभी आहेत. जपानी वस्तीची खूण म्हणून छप्पर असलेला पूल राहिला. व्हिएतनामच्या २०,००० डाँगच्या नोटेवर त्याचं चित्र आहे आणि मोठ्या दुरुस्तीनंतर २०२४ मध्ये तो पुन्हा खुला झाला.

पुढे नदीचं मुख गाळाने भरत गेलं, एकोणिसाव्या शतकात व्यापार उत्तरेला दा नांगकडे सरकला आणि होई आन मागे पडलं. जुनी घरं पाडून नवी बांधण्याइतका पैसाच गावात उरला नाही, म्हणून ती घरं वाचली. व्हिएतनाम युद्धातही जुन्या वस्तीचं फारसं नुकसान झालं नाही. १९८६ नंतर देशाने अर्थव्यवस्थेची दारं उघडली, आणि त्याच सुमारास काझिमियेझ क्व्यातकोव्स्की हा पोलिश वास्तुतज्ज्ञ चाम मंदिरांच्या डागडुजीसाठी या भागात काम करत होता. या लाकडी गावाचं मोल त्याने ओळखलं आणि ते जपावं म्हणून तो झटला. १९९७ मध्ये तो व्हिएतनाममध्येच वारला. दोन वर्षांनी, १९९९ मध्ये, होई आन युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलं. त्याचा पुतळा गावात आहे. सहलीतले वाटाडे त्याच्यापाशी क्वचितच थांबतात.

सहलीची सुरुवात बहुधा त्रा क्वे या भाजीच्या गावापासून होते. जुन्या वस्तीपासून दोन-तीन किलोमीटरवर, दे वोंग नदी आणि एक उथळ सरोवर यांच्या मधोमध हे गाव वसलं आहे. जमीन वाळूची. वाळूत भाजी पिकवायची तर पाणी सतत आणि खत सढळ हवं. खताची सोय सरोवराने केली आहे. त्यातली पाणवनस्पती उपसून आणायची आणि वाफ्यात पुरायची, हा इथला जुना रिवाज. वाफे अरुंद, जेमतेम हात पुरेल एवढे रुंद आणि आखल्यासारखे सरळ असतात. एका पिकाची शेवटची जुडी निघाली की दोन-चार दिवसांत त्याच जागी दुसरं रोप लागतं. या शेतीचं पारंपरिक ज्ञान २०२२ मध्ये व्हिएतनामच्या राष्ट्रीय अमूर्त वारशाच्या यादीत नोंदलं गेलं. २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने त्रा क्वेची निवड जगातल्या उत्तम पर्यटन-गावांत केली.

पाहुण्याला इथे शेतकऱ्याचा सैल सदरा आणि ताडपानाची शंकूसारखी टोपी मिळते. मग कावड खांद्यावर येते. दोन्ही टोकांना लांब तोटीच्या झाऱ्या असतात आणि दोन वाफ्यांच्या मधून चालत दोन्ही झाऱ्या एकाच वेळी कलवायच्या असतात. हे दिसतं त्याहून अवघड आहे. एक झारी आधी रिकामी झाली की दुसरी खांदा ओढून नेते. पाऊल आणि मनगट यांचा मेळ ज्यांना साधलाय त्या आजीबाई पुढे निघून जातात आणि पाहुणा मागे गोल फिरत राहतो. मग माती उकरायची, चार रोपं लावायची, आणि झालं. शेताच्या कडेला मोटारपंपही असतो, तो कोणी लपवून ठेवत नाही. मला ते बरं वाटतं. त्रा क्वे हे अजून खरोखर भाजी विकून जगणारं गाव आहे. पाहुण्याने लावलेली चार रोपं वाकडी लागली तरी संध्याकाळी कोणीतरी ती सरळ करतं, कारण ती पुढे बाजारात जायची असतात.

वाफ्यांवर एक-एक पान चुरगळून वास घेत हिंडताना मात्र घाई करू नये. या भागाचा स्वयंपाक समजून घ्यायचा तर तो इथेच समजतो. राउ राम हे लांबट पान कोथिंबिरीच्या जवळचं, पण जिभेला तिखट. तिआ तो जांभळट आणि तुरट गोडीचं. राउ हुंग तुळशी-पुदिन्याच्या कुळातलं. किन्ह ज्योय चुरगळलं की लिंबासारखा वास सुटतो. आणि झिएप का या पानाला चक्क माशाचा वास येतो. ते पहिल्यांदा तोंडात घालताना पाहुण्याचा चेहरा काय होतो, हे बघायला शेतातली मंडळी थांबतात. ही पानं इथे पदार्थावर वरून भुरभुरत नाहीत. ताटभर घेऊन, घासाघासाला मूठभर खातात. पदार्थ तळलेला असो की मांसाचा, त्याचा जडपणा या पानांनी उतरवायचा असा हिशेब आहे. नंतर स्वयंपाकघरात कढईपाशी जे शिकवतात त्यापेक्षा हा हिशेब मला जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि सहलीत नेमका याच थांब्याला सगळ्यात कमी वेळ मिळतो.

तिथून बाजार, आणि बाजारातून काम थान्ह. हे नदीच्या मुखाजवळचं गाव आहे. तिथे खाडीच्या पाण्यात मुळं रोवून उभी असलेली निपा पामची दाट वनं आहेत. युद्धाच्या काळात या झाडीत बंडखोर सैनिक लपत. आज तिथे गोल नावा फिरतात. नाव म्हणजे बांबूच्या पट्ट्यांची मोठी, खोल टोपलीच. आधी विणायची, मग फटींमध्ये शेण सारवून दाबायचं आणि वाळल्यावर ‘दाउ राय’ नावाच्या झाडाच्या चिकट तेलाचे हात द्यायचे. पाणी आत येत नाही. हल्ली फायबरच्याही नावा निघाल्या आहेत. या नावेला पुढचं-मागचं टोक नसल्यामुळे नेहमीसारखं वल्हं मारलं तर ती जागच्या जागी गरागरा फिरते. वल्हं पुढे धरून पाण्यात इंग्रजी आठासारखं फिरवावं लागतं, तेव्हा ती पुढे सरकते. फ्रेंच अमलात नावांवर कर बसला, तो चुकवायला कोळ्यांनी ‘ही नाव नाही, टोपली आहे’ असं म्हणत हा आकार काढला, ही गोष्ट प्रत्येक वाटाड्या सांगतो. गोष्ट खरी असो वा नसो, सांगण्यासारखी आहे.

इथे मला सहलीचा एक भाग अजिबात आवडत नाही. खाडीच्या मध्यावर मोठे कर्णे लावून गाणी वाजतात, नावाडी आपली टोपली भिंगरीसारखी फिरवून दाखवतो आणि पाहुणे टाळ्या पिटत पैसे फेकतात. त्या फिरवण्यात कसब आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण जी नाव उथळ लाटांतून किनाऱ्यावर मासळी आणायला बनली, तिचं काम त्या गोंगाटात कुठेच दिसत नाही. त्यापेक्षा कडेला नाव विणणारा कोणी भेटला तर पंधरा मिनिटं त्याच्यापाशी बसावं.

स्वयंपाक बहुधा उघड्या मांडवात होतो. प्रत्येकासमोर एक शेगडी, एक छोटी कढई, चिरायची फळी आणि सुरी. आधी दगडी जातं येतं. भिजवलेले तांदूळ पाण्यासकट वरच्या भोकात घालायचे आणि खुंटा फिरवायचा, कडेने पांढरं पीठ ओघळतं. प्रत्येकाने दोन-चार फेरे मारून झाले की वाटाडी सगळ्यांचं कौतुक करते आणि आतून तयार पिठाचं पातेलं आणते. त्यात हळद घातलेली असते. गरम तेलात कोळंबी आणि डुकराच्या मांसाचे पातळ काप टाकायचे, त्यावर पळीभर पीठ, वर मुगाचे मोड, झाकण. कडा कुरकुरीत झाल्या की अर्धा मुडपून काढायचा. हा बान्ह सेओ. तो सुरी-काट्याने खायचा नाही. तांदळाच्या पातळ कागदासारख्या चकतीवर त्याचा तुकडा, वर सकाळची ती पानं भरपूर, घट्ट गुंडाळी आणि आंबटगोड पाण्यात बुडवून थेट तोंडात.

खरी परीक्षा त्या पाण्यात आहे. नूक माम म्हणजे मासळीचा अर्क. लहान मांदेलीसारखी मासळी आणि मीठ थरांनी पिंपात भरून साधारण वर्षभर मुरू देतात, मग तळातून गाळून घेतात. दा नांगजवळचं नाम ओ गाव यासाठी नावाजलेलं आहे. हा अर्क तसाच वापरला तर खारट आणि उग्र लागतो. त्यात पाणी, साखर, लिंबू, ठेचलेली लसूण आणि मिरची असं घालत, चाखत, पुन्हा घालत जावं लागतं. प्रत्येक पाहुण्याचं पाणी वेगळं होतं आणि शिकवणारी बाई एकेकाच्या वाटीत चमचा बुडवून एका शब्दात निकाल सांगत जाते. सबंध दिवसात पाहुण्याला सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतः करायला मिळणारं हे एकच काम. तरीही बहुतेकजण याला किरकोळ समजतात आणि टोमॅटोच्या सालीचं गुलाबाचं फूल करण्यात रमतात. ते फूलही प्रत्येक वर्गात शिकवतात. का, ते मला कळलेलं नाही.

मिरची या किनाऱ्याची नाही, आपल्याकडचीही नाही. दोन्हीकडे ती पोर्तुगीजांच्या काळातच आली. गोवा आणि फाइफो यांच्यामध्ये जहाजांची आणि पाद्र्यांची वर्दळ होती. अलेक्सांद्र द रोद हा जेझुइट १६१९ मध्ये गोव्यात उतरला, दोनेक वर्षं तिथे राहिला आणि मग मकावमार्गे या प्रदेशात पोचला. इथे त्याने फ्रान्सिस्कु द पिना या पोर्तुगीज पाद्र्याकडे भाषेचे धडे घेतले. १६५१ मध्ये रोममध्ये छापलेल्या त्याच्या शब्दकोशाने व्हिएतनामी भाषेचं रोमन लेखन पक्कं व्हायला हातभार लावला. तो गोव्यात यायच्या तीन वर्षं आधी, १६१६ मध्ये, साष्टीतल्या राशोलला फादर स्टीफन्सचं मराठी ‘ख्रिस्तपुराण’ रोमन लिपीतच छापलं गेलं होतं. आपल्याकडे ती लिपी मराठीवर टिकली नाही. व्हिएतनाममध्ये ती राष्ट्राची लिपी झाली. वर्गाच्या शेवटी हातात पाककृतीचा कागद देतात, त्यावर अक्षरांच्या डोक्यावर-पायाशी टोप्या, बिंदू, शेपट्या गर्दी करून असतात. त्या खुणांची सुरुवात या पाद्र्यांच्या वह्यांतून झाली.

जेवण झालं की पाहुणे सुस्तावतात. सहली आखणारी माणसं हुशार आहेत, म्हणून दुपारी बसून करायचं काम ठेवलेलं असतं.

थान्ह हा हे कुंभारांचं गाव नदीकाठीच, जुन्या वस्तीच्या पश्चिमेला तीनेक किलोमीटरवर आहे. उत्तरेकडच्या थान्ह होआ प्रांतातून काही शतकांपूर्वी आलेल्या घराण्यांनी ते वसवलं. माती थू बॉनच्या काठची. भांड्यांना झिलई नसते, भाजून निघाली की तांबूस-तपकिरी दिसतात. मडकी, रांजण, कौलं, नळे या सगळ्याला एकेकाळी मागणी होती. जुन्या होई आनच्या छपरांवरची उपडी-सुलटी रचलेली कौलं याच मातीची. मग ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक आलं आणि मडक्यांचा धंदा बसला. पर्यटकांनी तो काही प्रमाणात परत उभा केला, पण त्याचं रूप पालटून. आता भट्टीतून मडक्यांपेक्षा दिव्यांची झाकणं, मुखवटे आणि बारा राशींच्या प्राण्यांच्या छोट्या शिट्ट्या जास्त निघतात. गावात शिरायच्या तिकिटाबरोबर अशी एक शिट्टी मिळते.

चाक जमिनीलगत असतं आणि ते दोघी मिळून चालवतात. एक उभी राहते, एका पायावर तोल सांभाळून दुसऱ्या पायाने चाकाला लाथ देत राहते आणि त्याच वेळी हाताने मातीच्या वळकट्या करून पुढे देते. दुसरी खाली बसून आकार काढते. पाहुण्याला खालची जागा मिळते. लाथ देणारी बाई तुमच्या हातांचा अंदाज घेत वेग कमी-जास्त करते. तुमचा अंगठा जास्त दाबला जातोय हे तुम्हाला कळायच्या आधी तिच्या पायाला कळलेलं असतं. पाच मिनिटांत वाडगा उभा राहतो आणि पाहुण्याला वाटतं आपल्याला जमलं. त्यातलं अर्धं श्रेय त्या पायाचं. वाडगा अर्थातच ओला असतो. तो सावलीत सुकायला हवा, मग भट्टी. तेवढा वेळ सहलीकडे नसतो. बहुतेकांचे वाडगे तिथेच राहतात आणि पुन्हा मातीच्या ढिगात जातात.

नदीपलीकडच्या काम किम बेटावर किम बाँग हे सुतारांचं गाव आहे. सहलीत ते असलं तर अर्ध्या तासात उरकतं, आणि ते साहजिक आहे, कारण सुतारकामात पाहुण्याला करू देण्यासारखं थोडंच असतं. फळीवर पाना-फुलाची रेघ आखलेली असते, पटाशी आणि लाकडी हातोडा हातात देतात, चार ठोके मारून होतात. पण गाव मोलाचं आहे. होई आनची घरं, देवळं, नावा याच सुतारांनी घडवल्या. ह्वे इथल्या राजवाड्याच्या कामावरही त्यांना बोलावणं गेलं. खांब, तुळया, पाट्या खिळा न ठोकता खाचा आणि कुसवांनी एकमेकांत बसवायची त्यांची पद्धत. जागतिक वारशाचा शिक्का बसल्यावर जुन्या घरांची दुरुस्ती जुन्याच रीतीने करावी लागली, त्यामुळे या गावाला पर्यटकांच्या खेळण्यांखेरीज खरं कामही परत मिळालं. अशी स्थिती थान्ह हाच्या वाट्याला तितकीशी आली नाही.

मग कंदील. होई आन म्हटलं की डोळ्यांसमोर कंदीलच येतात, म्हणून ही प्रथा फार पुरातन असणार असं पाहुणा धरून चालतो. चिनी आणि जपानी व्यापाऱ्यांच्या घरांवर कंदील टांगले जात, हे खरं. पण चांद्र महिन्याच्या चौदाव्या रात्री जुन्या वस्तीतले विजेचे दिवे मालवून कंदिलांच्या उजेडात गाव दाखवायचा कार्यक्रम १९९८ मध्ये सुरू झाला. आज दिसणारा कंदिलांचा धंदा बहुतांशी त्यानंतर फोफावला. म्हणजे पाहुणे ज्याला परंपरा म्हणून पैसे देतात, तिच्यातला निदान हा भाग पाहुण्यांसाठीच घडवला गेला. यात लाजण्यासारखं काही नाही. बंदराने गिऱ्हाइकाकडे बघून माल बदलायचा असतो आणि इथे तेच घडलं.

बांबू तोडून आणला की तो मिठाच्या पाण्यात काही दिवस बुडवून ठेवतात, म्हणजे त्याला कीड लागत नाही. मग वाळवायचा, चिरायचा, सारख्या जाडीच्या कामट्या तासायच्या. वर-खाली लाकडी चकत्या, त्यांत खाचा, खाचांत कामट्या आणि त्या मधून बांधून घेतलेल्या. हा सांगाडा मिटतो आणि उघडतो. सामानाच्या पेटीत मावावा म्हणून ही सोय केली आहे. त्यानंतर रेशमी कापडाच्या पाकळ्या कामट्यांवर खळ लावून ताणून चिकटवायच्या, कडा कापायच्या, खाली झुपका बांधायचा. दिवाळीत घरी आकाशकंदील केलेल्या माणसाला यातली गोम लगेच कळेल. आपल्याकडेही कामट्यांचा सांगाडा मोठ्यांनी बांधायचा आणि कागद मुलांनी चिकटवायचा. होई आनच्या वर्गात सांगाडा तयार मिळतो. पाहुण्याकडे मुलांचं काम.

तेही नीट करायला वेळ लागतो. कापड जरा सैल राहिलं की दिवा लावल्यावर सुरकुती दिसते, जास्त ओढलं की कामटी वाकते आणि कंदील एका अंगाला झुकतो. शिकवणारी मुलगी काही न बोलता तुमच्या हातातून कंदील घेते, बोटाच्या पेराने एकच रेघ ओढते आणि परत देते. दोन तासांत एक कंदील होतो. तो मात्र पाहुणा घरी नेतो. सबंध दिवसातल्या हस्तकलांपैकी पुरी होऊन सोबत जाणारी ही एकच वस्तू, आणि कंदीलवर्ग इतर सगळ्यांपेक्षा जास्त का चालतात याचं कारण बहुधा हेच असावं. होई आनला २०२३ मध्ये युनेस्कोच्या सर्जनशील शहरांच्या जाळ्यात हस्तकला आणि लोककलेसाठी जागा मिळाली.

आपल्याकडून जाणाऱ्यांसाठी एक-दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण व्हिएतनामला जाणाऱ्या भारतीयांची संख्या झपाट्याने वाढली आहे. २०२४ मध्ये ती पाच लाखांच्या घरात होती. शाकाहारी माणसाने अशा सहलीला घाबरायचं कारण नाही. बौद्ध रिवाजाप्रमाणे इथली पुष्कळ माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी मांस-मासळी वर्ज्य करतात, त्यामुळे शाकाहारी स्वयंपाकाचं वळण त्यांना ठाऊक आहे. मासळीच्या अर्काऐवजी सोयाचं पाणी, मांसाऐवजी अळंबी आणि टोफू. मात्र हे आदल्या दिवशी सांगावं आणि नूक माम नको असं वेगळं सांगावं, कारण भाजीत घातलेला चमचाभर अर्क त्यांच्या लेखी मांसाहार नसतो. कंदिलांच्या रात्रीसाठी आपलं पंचांगही चालेल. शुक्ल चतुर्दशी बघून जावं, एखाद्या दिवसाचा फरक पडला तर पडेल.

मी सोनची चाम मंदिरं होई आनपासून चाळीसेक किलोमीटरवर आहेत. चौथ्या शतकातल्या भद्रवर्मन राजाने तिथे शिवाची स्थापना केली आणि त्याचे संस्कृत शिलालेख सापडले आहेत. १९६९ मध्ये अमेरिकी बाँबफेकीत त्यातलं सर्वांत मोठं मंदिर कोसळलं. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं पथक तिथल्या काही मंदिर-समूहांच्या जतनासाठी काम करत होतं, तेव्हा २०२० मध्ये वालुकाश्माचं एकसंध शिवलिंग मिळालं. काही जण हस्तकलेच्या सहलीतच मी सोन घुसडतात. तसं करू नये. त्या विटांना त्यांचा स्वतंत्र दिवस द्यावा.

आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर टाळावा. त्या महिन्यांत थू बॉनला पूर येतो. जुन्या घरांच्या माडीला मधोमध झडप असते, पाणी चढू लागलं की तिच्यातून खालचा माल वर ओढून घेतात. तान की या जुन्या घराच्या भिंतीवर पुराच्या पातळ्यांच्या खुणा आहेत, त्यांत १९६४ ची खूण उंच आहे. २०२५ च्या ऑक्टोबरअखेरीस आलेल्या पुराने तीही ओलांडली. पाणी ओसरलं की गाव चिखल उपसून काही दिवसांत पुन्हा दुकानं मांडतं, त्रा क्वेत मात्र वाफे नव्याने बांधावे लागतात. त्या आठवड्यांत सहली नसतात आणि काम दुप्पट असतं.

एका पदार्थाला सहलीच्या दिवसात पुरी जागा मिळत नाही आणि तो होई आनचा सर्वांत स्वतःचा आहे. काओ लाउ. जाड, चिवट, करडसर पिवळ्या शेवया. त्यांवर डुकराच्या मांसाचे काप, तळलेल्या पिठाचे चौकोनी कुरकुरीत तुकडे, मुगाचे मोड, त्रा क्वेची पानं आणि रस्सा अगदी तळाला ओला होण्यापुरता. जुनी रीत अशी सांगतात की तांदूळ चाम बेटांवरच्या झाडांच्या राखेचं निवळ पाणी घालून भिजवायचे आणि पाणी बा ले विहिरीचं घ्यायचं. ही विहीर चाम काळातली. भिजवून दळायचं, शिजवून गोळा करायचा, मळायचा, लाटायचा, वाफवायचा, कापायचा आणि पुन्हा वाफवायचा. हे काम थोड्या घराण्यांकडे आहे आणि ते मध्यरात्रीनंतर सुरू होऊन सकाळच्या बाजाराआधी संपतं. पाहुण्याला देण्याजोगा मधला तास त्यात नाही. बहुतेक वर्गांत शेवया तयार आणतात आणि वर काय काय घालायचं तेवढं शिकवतात. शेवया होताना बघायच्या असतील तर आदल्या दिवशी वाटाडीला गाठून, चार शब्द बोलून, ओळख काढावी लागते. ती बहुधा पहाटे तीनची वेळ देते आणि कोपऱ्यात उभं राहा, मध्ये येऊ नका, असं बजावते.